अणुबॉम्बच्या पुस्तकाचं शेवटचं पान

सोलापूर, २१ जुलै २०२५

चि. सुकन्या हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. खरं तर तुझ्यावर ओरडायची फार इच्छा आहे.

पुस्तक छापून आलं. पहिला अणुबॉम्ब कसा तयार झाला, हे आपल्या मुलांना समजेल अशा मराठीत लिहायला माझी नऊ वर्षं गेली. शिकागोची अणुभट्टी, वाळवंटातली चाचणी, आकडा न् आकडा तपासला. शेवटचं पान हिरोशिमाचं. त्या सकाळी कामाला जुंपलेली बारा-तेरा वर्षांची शाळकरी मुलं कशी मेली, ते. आणि त्याखाली ठळक छापलंय, ‘शुभं भवतु’.

बिरुदेव छापखानेवाल्याला झापलं. तो म्हणाला, ताईंनीच प्रुफावर लिवलंय की, मी कुटं माझ्या मनानं घातलं. तुला तपासायला पाठवलेलं प्रूफ पाहिलं, अक्षर तुझंच. लहानपणी आपली आई तुला पोथ्या उतरवायला बसवायची, शेवटी हे लिहायची ती खोड पासष्टीतही जाऊ नये म्हणजे कमाल झाली. सहा ऑगस्टला शाळेत प्रकाशन आहे. सगळे हसतील. पाचशे प्रतींवर काळी पट्टी चिकटवत बसलोय, मान धरली आहे.

रागावलोय, तरी लोभ आहेच.

महेश्वर

बार्शी, २४ जुलै

ती. स्व. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

मानेला आधी शेक घ्या, राग नंतर करा.

खोड नाही, अण्णा. वाण्याच्या यादीखाली मी कधी ‘शुभं भवतु’ लिहीत नाही. युरेनियम वेगळं करायला तुम्ही तेरा पानं दिलीत, ती मी तीनदा तपासली. शेवटी ती मुलं आली, साडेचार ओळींत, आणि खाली कोरं पान. शाळेत शिकवत होते तेव्हाच्या माझ्या वर्गातल्या पोरी डोळ्यांसमोर आल्या. प्रूफ बाजूला ठेववेना. तुमचा रागच आला. कुणीतरी काही म्हणायला हवं होतं, आणि मला तेवढंच येतं.

न विचारता लिहिलं, ते चुकलं. पण विचारलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असता. पुस्तक तुमचं आहे, लावा पट्ट्या.

माया असू द्यावी,
सुकन्या

सोलापूर, २९ जुलै

चि. सुकन्या हिस आशीर्वाद.

पत्र वाचून चिडलो. तुला खोटं पाडावं म्हणून त्या ओळी मोजल्या. साडेचार नाहीत, चारच आहेत.

दोनशे दहा प्रतींवर पट्टी लावून झाली होती. दोन दिवस त्याच सोलतोय. डिंक चिवट, पट्टीबरोबर कागदाचा पापुद्रा निघतो आणि तुझे शब्द जातात. बिरुदेव म्हणाला, आता ऱ्हाऊ द्या की मास्तर, कोन बघतंय. त्याच्यावर खेकसलो. सोललेल्या जागी हातानं लिहून पाहिलं, तर माझं अक्षर मलाच लागेना. तीन प्रती बिघडवल्या.

शनिवारी पहिल्या एसटीनं ये. दोनशे सात प्रती उरल्यात, आणि तुझं अक्षर अजून चांगलं आहे.

वाट पाहणारा,
अण्णा