काकडीचा करपा जपावा, ही विनंती

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा, मामींचा रक्तदाब आणि परसातले काकडीचे वेल, तिघांच्याही प्रकृती कशा आहेत? (पहिल्या दोघांचं सवडीने कळवलंत तरी चालेल.)

तीन वर्षं मी धोत्र्याच्या पानांचा अर्क काढते आहे, हे तुम्ही चारचौघांत अभिमानाने सांगता आणि मामी जरा हळू आवाजात सांगतात. या अर्कातल्या अल्कलॉइडमुळे पिकांवरची बुरशी मरते, असं माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. बुरशीने ते पान वाचलेलं नाही. तुमच्याच वेलावरून आणलेली करप्याची बुरशी मी काचेच्या बशांत वाढवली. निम्म्या बशांत अर्क, निम्म्या तुलनेसाठी कोऱ्या. करपा दोन्हीकडे छान बाळसं धरत होता. (अर्काच्या बशांत कणभर जास्तच, पण ते मी सरांच्या कानावर घातलं नाही.)

आणि गेल्या सोमवारी अर्काच्या बशांतला करपा मेला. मी इतकी हरखले, की कोऱ्या बशा बघायचं भानच राहिलं नाही. सरांना सांगितलं, सरांनी परीक्षकांना कळवलं, आणि परीक्षक वीस तारखेला प्रयोग प्रत्यक्ष बघायला येणार असं ठरूनही गेलं. मग मी कोऱ्या बशा उघडल्या. त्यांतलाही करपा मेला होता. आमच्या प्रयोगशाळेत झाडपूस करणाऱ्या मावशींची माझ्यावर फार माया. "पोरगी या बुरशीपायी वाळून चालली, म्हणून मीच लावला तिचा निकाल," म्हणाल्या. शनिवारी जाताना त्यांनी बशांच्या कपाटात जंतुनाशक फॉर्मलिनची वाटी ठेवली होती. बुरशीचा जपून ठेवलेला साठाही त्याच कपाटात होता. मला तीन वर्षांत जमलं नाही ते त्यांनी एका वाटीत केलं. त्यांच्यावर रागावता आलं नाही. बाथरूममध्ये जाऊन रडून आले. आता परीक्षकांपुढे मारून दाखवायला माझ्याकडे बुरशीच नाही, आणि यंदा प्रबंध हुकला तर तीन वर्षं पाण्यात.

मामींना नमस्कार सांगा.

तुमची,
भाची

ता. क. वेलांवरचा करपा कृपा करून बरा करू नका. डागाळलेली पाच-सहा पानं कोरड्या कागदात गुंडाळून उद्याच्याच टपालाने पाठवा.

आणखी एक. करपा अजून आहे ना, असं मी विचारत नाही. मागच्या महिन्यात पाठवलेला माझा अर्क तुम्ही वेलांवर तीनदा मनापासून फवारलात, असं मामींनी कळवलंय. त्याच भरवशावर पानं मागते आहे.