भिमाजीबाबांच्या आंब्याला पाणी

घोडेगाव,
१२ मार्च

ती. सौ. हर्षालीताईस गोरखचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे जिवंत आहेत. मेलाय तो फक्त माझा मोबाईल. वृषालीनं बजावलं होतं, की नर्सिंगची परीक्षा होईपर्यंत फोन करू नकोस. मी फार नाही, दिवसाला तीस-चाळीसच केले. तर तिनं माझा नंबरच ब्लॉक केला. मग मीही माझा हिसका दाखवला, मोबाईल विहिरीत फेकला. तिला त्याचा पत्ताही नाही, ही गोष्ट वेगळी.

तिचे आजोबा भिमाजीबाबा जानेवारीत गेले, हे तुला कळलंच आहे. स्टँडवर मी तिच्यासोबत रस पीत असताना काठी उगारून, ज्याला कॉलेजची तीन वर्षं धरवत नाहीत तो पोरगी काय धरणार, असं चारचौघांत विचारणारे तेच. त्यांची राख नदीत न सोडता शेताच्या बांधाला खड्ड्यात घातली, आणि वृषालीच्या हातानं वर आंब्याचं कलम लावलं. तिच्या वडिलांनी, सावळेरामतात्यांनी, भाषण ठोकलं की आता बाबा आपल्याला सावली देतील. फोटो निघाले आणि मंडळी चाकणला परत गेली. सावली बाबांनी द्यायची हे ठरलं, पाणी कुणी द्यायचं हे राहूनच गेलं.

म्हणून मी देतो. गाडीला कॅन बांधून, रोज. जिवंतपणी ज्यांनी मला ओट्याला टेकू दिलं नाही, ते आता माझ्या हातचं पाणी पितात. लई समाधान वाटतं बघ.

वर्षभर त्यांच्या घरात लग्नकार्य नाही. वर्षश्राद्ध झालं की वृषालीला स्थळं बघणार. त्या दिवशी ती येईल तेव्हा हे झाड हिरवंगार पाहिजे, म्हणजे धरवतं की नाही ते बाबांनाही कळेल आणि तिलाही. गेलेल्या माणसाशी पैज लावणारा तालुक्यात मी एकटाच असेन.

पण पानं पिवळी पडायला लागलीत. तीन कॅनचे पाच केले, तरी फरक नाही. मामंजींना विचारून उपाय कळव. दाजींच्या डाळिंबावर आहे तेवढा तरी लोभ माझ्यावर असू दे.

कॉलेज सोडलेला पण बहीण न सोडलेला,
गोरख


राजुरी,
२० मार्च

चि. गोरख यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पोस्टमन दारात बघून सासूबाईंना वाटलं, कोर्टाची नोटीस आली. तुझं पत्र वाचल्यावर त्या म्हणाल्या, नोटीस परवडली असती.

अरे शहाण्या, पिवळं पडलं म्हणून पाणी वाढवलंस? काळ्या मातीत रोज पाच कॅन! आंबा लावलाय की म्हैस डुंबायला सोडलीय? मामंजी म्हणतात, की रोज बुडाशी आयतं पाणी मिळालं की मुळं घरजावयासारखी वरवर बसून राहतात, खाली जायचे कष्टच घेत नाहीत. मग कुजतात. आता पाणी बंद कर, माती वाळू दे. मग बुडापासून हातभर लांब आळं कर. तळाला भोक पाडून कापडाची वात घातलेलं मडकं तिथं पूर, वर उसाचं पाचट पसर. मडकं आठ दिवसांनी भर. मधले दिवस लांबून बघायचं. झाडाला तहान लागली की ते आपलं आपण पाणी शोधतं. आणि शेजारी काठी रोवून कलम मऊ पट्टीनं बांध, सुतळीनं नको.

फोनचंही तू हेच केलंस. हे वाचून तू चिडशील, पण विहिरीत फेकायला आता तुझ्याकडं काही उरलेलं नाही, म्हणून धीर करून लिहिलं. दाजींचा जुना मोबाईल पडून आहे. पाठवू का?

आईला नमस्कार. तुझ्यावर माया आहे, अक्कल तेवढी तुझी तू मिळव.

तुझी,
ताई


घोडेगाव,
२५ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी झाडाचं विचारलं होतं, माझं नाही. मामंजींना माझ्यासाठीही मडकं पुरायला सांगितलंस का?

आठ दिवस लिहिणं सोपं आहे. तिसऱ्याच दिवशी भर उन्हात पानं माना टाकून उभी दिसली. मी कॅन घेऊन गेलो, तासभर बांधावर बसलो, आणि भरलेले कॅन तसेच घरी आणले. आई म्हणाली, उन्हानं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. वर शेजारच्या पप्पूच्या शेळीनं शेंडा खाल्ला. शेळीला बोललो, पप्पूला मारलं. उलट व्हायला पाहिजे होतं, असं आता वाटतं. दुसऱ्या दिवशी तोच पप्पू बाभळीच्या काट्या घेऊन आला आणि मला कुंपण करू लागला.

मऊ पट्टी म्हणून माझ्या कॉलेजच्या ओळखपत्राची निळी फीत बांधली. तिचा झालेला हा पहिला उपयोग.

काल तांबूस पालवी फुटली. चार पानं. मोजायला गेलो नव्हतो, सहज दिसली.

मोबाईल आत्ता नको. कॅनसाठी शिवशिवणारे हात आवरतोय तेवढं पुरे. टोमणे कमी असले तरी चालतील, पत्रं कमी नकोत.

तुझा,
गोरख


राजुरी,
२ जानेवारी

चि. गोरख यास अनेक आशीर्वाद.

नारायणगावच्या बाजारात कळलं, की सावळेरामतात्या तो आंबा आपणच जगवला असं सगळ्यांना सांगत फिरतात. वर्षश्राद्धाला तू वाढायला जाणारच. तर बोलावंसं वाटलं की आधी हातातली वरणाची बादली खाली ठेव. मग बोलूच नकोस. सगळं सविस्तर कळव, म्हणजे इथं जिवाला घोर नको.

तुझी,
ताई


घोडेगाव,
१८ जानेवारी

ती. ताईस गोरखचा शि. सा. न. वि. वि.

काल वर्षश्राद्ध झालं. तात्यांनी भर पंगतीत सांगितलं, की दर रविवारी चाकणहून येऊन मी हे झाड वाढवलं. वर्षात दोनदा आले होते, त्यात एकदा हुरड्याला. तेव्हा मी नेमका त्यांच्या पानासमोर, आणि वरण चांगलं गरम होतं. ताई, मी वाढलं आणि पुढं सरकलो. पुढचे चारजण कोरडा भात घेऊन बसले, ते मला दिसलेच नाहीत.

वृषाली आंब्यापाशी गेली. आंबा माझ्या छातीला लागलाय. तिनं निळी फीत ओळखली, एकाच कॉलेजातली, तसलीच तिच्याकडंही आहे. फीत खोडात रुतायला लागली होती; वर्षभर एवढं बघून मला ते दिसलं नव्हतं. तिनं गाठ सोडली. मग बोट जाईल एवढी सैल ठेवून तिनं ती पुन्हा बांधली.

परत येऊन विचारलं, की पाणी किती दिवसांनी घालतोस. म्हटलं, आठ. तिला वाटलं होतं रोज घालत असेन. तसंच करून झाड मारायच्या बेतात होतो, मग मडकं पुरलं, हेही मी सांगून टाकलं. निघताना तिनं वडिलांना सगळ्यांदेखत सांगितलं, की नर्सिंग पुरं होईपर्यंत स्थळांचं नाव काढायचं नाही, आणि रविवारी येताच आहात तर मडकं कुठं पुरलंय तेवढं दाखवा. तात्या अजून शोधत असतील.

मला म्हणाली, की तुझा नंबर मी कधीच मोकळा केला होता, फोन मात्र आला नाही. तो नंबर विहिरीच्या तळाशी आहे हे सांगावं लागलं. भिमाजीबाबांसमोर एवढं हसलेलं चाललं असतं की नाही, कोण जाणे.

तर दाजींचा मोबाईल आता पाठव. पहिला फोन आठ दिवसांनी करीन. सर्वांना नमस्कार, आणि माया आहे तशीच मुरत राहू दे.

तुझा आज्ञाधारक (लिहिताना हात अडखळला),
गोरख

ता. क. आठाचे सहा केले तर चालतील का, तेवढं मामंजींना विचारून उलट टपाली कळव.