दुसऱ्या गोणीतली माती

४ ऑक्टोबर
दिवसभर माती चाळली. नाकात धूळ, केसांत धूळ. आईनं गावाहून पाठवलेल्या गोणीत निम्मी माती, निम्मी हराळीची मुळं. संध्याकाळी फोनवर कुरकुर केली. म्हणाली, "मुळं लई हायत व्हय? पुढल्या खेपंला चांगली बघून देते की."
चाचणीसाठी तिच्याच रानातली माती घेते, कारण तिथं औषधाचा थेंब पडत नाही. विकतच्या मातीवर माझा विश्वास नाही. सतीश म्हणतो, तुझा दूधवाल्यावर तरी कुठे आहे? नवऱ्यानं हे बोलू नये. मी शिकवते त्या कॉलेजातून लॅक्टोमीटर आणून मोजलं तेव्हा पाणी निघालंच होतं.

२६ ऑक्टो.
पहिल्या गोणीवर चाचणीची रंगीत तालीम छान झाली. औषध न घातलेल्या डब्यांत कोकूनच कोकून. गांडुळांच्या अंड्यांचे ते इवलेसे कोष, लिंबाच्या आकाराचे, मोहरीहून थोडे मोठे. सरांनी पाहिले. "हं" म्हणाले. पीएच.डी.ची दोन वर्षं झाली, या 'हं'चा अर्थ अजून कळलेला नाही.
मग विचारलं, विषय एका वाक्यात सांगा. म्हटलं, तणनाशकानं गांडूळ मरतं का, आणि नाही मेलं तर त्याला पिल्लं होतात का. परत हं.

३० ऑक्टो.
दुसरी गोणी आली. काय माती! काळी, भुसभुशीत, एक मूळ नाही. चाळायला निम्मासुद्धा वेळ लागला नाही. आईला फोन करून शाबासकी दिली. खूश झाली. "मुद्दाम काढली गं तुझ्यासाठी."
खरी चाचणी हिच्यावरच लावते.

२ नोव्हेंबर
डबे लागले. साधे म्हणजे सा., औषधाचे म्हणजे औ. दोन्हींत माती एकच, फरक फक्त औषधाचा. प्रत्येकात दहा गांडुळं, सगळी गळ्याशी पट्टा असलेली, म्हणजे वयात आलेली. औ. डब्यांत औषध नसरीननं घातलं, माझ्या देखरेखीखाली. नसरीन माझ्याच सरांची विद्यार्थिनी, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हात माझ्याहून स्थिर. कानात वायर घालून काम करते. मला ते आवडत नाही.

१३ नोव्हें.
एका सा. डब्यात नऊच गांडुळं. तीनदा मोजली.
परवा शिवप्पामामा विचारत होते, "म्याडम, ह्ये गांडूळ गळाला लावायला चांगलं आसतंय का?" प्रयोगशाळेचे शिपाई, अक्कलकोटकडचे. त्यांना हा प्रश्न कशासाठी पडावा? आज सरळ विचारलं, रविवारी उजनीला मासे धरायला जाता का. माझ्याकडे बघतच राहिले. "आमच्या घरात अंडं शिजत न्हाई म्याडम. मासं कुटलं? शेजारचा पोरगा इचारत हुता."
दुपारी टेबलाच्या पायामागं दहावं सापडलं. वाळून काडी झालेलं. झाकण नीट बसलं नव्हतं. झाकण मीच लावते.
मामांना चहा पाजला. माफी नाही मागितली, चहात ती आलीच.

३० नोव्हें.
मोठी गांडुळं बाहेर काढली. सगळी जिवंत, सा. आणि औ. दोन्हींतली. औ. डब्यांत कोकून नावाला. हे अपेक्षितच होतं, मनात थोडी मिरवलेही.
मग सा. डबे चाळले. त्यांतही नाहीत. म्हणजे आहेत, पण असे की मोजायलाही लाज वाटावी. साध्या डब्यांतच पिल्लं होणार नसतील तर औषधावर बोट कशाच्या जोरावर ठेवू? सगळी चाचणी केरात. वर्ष गेलं.
कुणीतरी काहीतरी केलंय.

१ डिसेंबर
यादी: एसी कुणी बंद केला का? वॉचमन नाही म्हणतो. पाणी? डिस्टिल्डच. पिपेट?
पिपेट. औषधाला वापरलेल्या पिपेटनंच सा. डब्यांना पाणी घातलं असेल तर? पाणी कोण घालतं? नसरीन. कानात वायर.

२ डिसें.
विचारलं. अगदी हळू विचारलं, असं मला वाटलं.
"मेरे पे शक कर रै क्या मॅडम?"
मी नाही म्हणाले. तिला ऐकू आलं ते हो.
आज चहाला थांबली नाही.

४ डिसें.
सतीशला सगळं सांगितलं. "तू पोलिसात भरती व्हायला हवं होतंस," म्हणाला आणि कूस बदलून झोपला. याचं बरं आहे. बँकेत दिवसअखेर हिशेब जुळतो.

९ डिसें.
आज नसरीन आपणहून आली. दोन पिपेटं पुढे ठेवली, एकाला लाल पट्टी, एकाला निळी. पहिल्या दिवसापासून वेगळी. मी बघितलीच नव्हती. एवढं दाखवून गेली असती तरी पुरे होतं, पण दारातून वळली.
"मॅडम, पैली वाली मिट्टी कां है?"
"कोणती?"
"वो जड़ां वाली. जिसमें कोकून आए थे."
मुळांची ती उरलीय. कोपऱ्यात, गोणीच्या तळाशी. हिनं विचारेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मातीवर संशय घ्यायचा म्हणजे आईवर घ्यायचा, आणि ते खातं माझ्याकडे उघडलेलंच नाही.

१० डिसें.
पळ-चाचणी लावली. (नाव माझं.) आडव्या डब्यात निम्मी पहिल्या गोणीतली माती, निम्मी दुसऱ्या गोणीतली, मध्ये पत्र्याची पट्टी. पट्टी काढायची, त्याच रेषेवर गांडुळं ठेवायची, दोन दिवस हात लावायचा नाही. पुन्हा पट्टी घालायची आणि कुठल्या बाजूला कोण गेलं ते बघायचं. गांडुळाला वशिला नसतो.

१२ डिसें.
सगळी हराळीच्या बाजूला. आईनं 'मुद्दाम' काढलेल्या मातीत एकही नाही.

१३ डिसें.
पुन्हा लावली, डबा उलटा फिरवून. उजेडाची बाजू, एसीची बाजू, सगळं बदललं.

१५ डिसें.
तेच.
आईला फोन. आडून आडून विचारलं. शेजारचे अंकुशतात्या केळीला औषध मारतात, वाऱ्यानं आपल्याकडे येतं का? "छ्या. त्यो लांब हाय." आपल्या रानात कुणी मारलं का? "न्हाय गं बाई. आपल्या रानात औषध न्हाय." फार पटकन म्हणाली. आई कधीच पटकन बोलत नाही, आधी खोकते.
मी आईचा खोकला मोजत बसलेय. कठीण आहे.

१५ जानेवारी
संक्रांत, गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी. टेंभुर्णीला उतरून वडापच्या जीपनं गावी. आई फाटकाशी उभी होती. भिंतीला धरून पायरी चढली. दिवाळीत भिंत धरत नव्हती.
आत न जाता घरामागं गेले. उत्तरेचा कोपरा. अलीकडे हिरवी हराळी, पलीकडे उघडी माती, मध्ये पिवळ्या जळक्या गवताची सरळ रेघ. गाय चरली तर अशी रेघ पडत नाही.
आई मागून आली. कौतुकानं म्हणाली, "हितलीच दिली हुती तुला. एक काडी न्हवती बघ."
मी वाकून ते जळकं गवत चिमटीत धरलं. तिनं माझं तोंड बघितलं. मग भिंत धरत आत गेली.

१६ जाने.
सकाळी चुलीपुढे आपणहून बोलली. आधी खोकली.
"खुरपाया बसता यीना. बाई मिळंना. साप निघाला त्या कोपऱ्यात. अंकुसला म्हनलं, मार बाबा."
"मग फोनवर नाही का म्हणालीस?"
"तू विहारात सगळ्या बायांम्होरं बोलली न्हवतीस व्हय? मी फुडंच बसले हुते."
बोलले होते. मागच्या वर्षी, तणनाशकाविरुद्ध, टाळ्या पडेस्तोवर. आई पहिल्या ओळीत मान डोलवत होती. गुडघ्यांचं तेव्हाही तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
खूप राग आला. आधी तिचा, मग माझा.
"भाजीच्या वाफ्यात मारलंस?"
"न्हाय."
"खरं सांग."
"चिनू खाती त्यात मी मारीन व्हय गं?"
चिनू माझी लेक, आजीची मेथी कच्ची खाते. दर आठवड्याला यष्टीनं पिशवी येते.
आईचं हे 'न्हाय' आधी खोकून आलं का? आठवत नाही. चूल धुमसत होती, आम्ही दोघी खोकत होतो.
निघताना तिनं गोणी भरून दिली, हराळीची, मुळांसकट. "चाळून घे बाई." वर मेथीच्या जुड्या. ती पैसे द्यायला वडापवाल्याकडे वळली तेवढ्यात मी वाफ्यातली माती मुठीनं जेवणाच्या डब्यात भरली. आईच्या घरी चोरी केली.

१८ जाने.
पळ-चाचणी लावली. एक बाजू हराळीची, दुसरी मेथीच्या वाफ्यातली. नसरीननं विचारलं, ये कौन सा सॅम्पल है? म्हटलं, घरचं. तिनं जास्त विचारलं नाही. चहाला थांबली.
घरी मेथी फ्रीजमध्ये. सतीशला सांगितलं, निवडायला वेळ नाही.

२० जाने.
आज बघायचं. सकाळपासून तीन वेळा डब्यापाशी गेले. आधी लेक्चर घेतलं, मग उगाच चाळण्या धुतल्या. मामा म्हणाले, "म्याडम, धुतल्याल्याच हायत की त्या."
आता एकटीच आहे. पट्टी हातात घेतली आणि आईचा फोन.
"मेथी खाल्ली का चिनूनं?"
"उद्या करते."
"आगं, पिवळी पडंल की. आजच कर."
"बरं."
"आन् ती माती? चांगली निघाली का?"
"बघतेय आई."
 तिनं फोन ठेवला नाही. मीही नाही ठेवला. पट्टी अजून हातातच आहे.