डावा गुडघा तेवढा सैल

ता. ९, मंगळवार

लाडक्या ठकूला आजीचा पोटभर आशीर्वाद.

मी बरी, शिवणाचं मशीन बरं, चष्म्याची काडी तेवढी दोऱ्यानं बांधलीय. अक्षराला हसू नकोस, चौथीपुढं गेले नाही मी.

तू पाठवलेला, तुझं नाव छापलेला संशोधनाचा कागद शेजारीण बघून गेली. "काय करते हो नात?" मी म्हटलं, "हाडाच्या कॅन्सरवर काम करते." मग तू सांगितलंस तसंच सांगितलं. मूळ नमुना पेटीत जपलेला, तो डीएनए. त्यावरून उतरवलेली कामाची प्रत, ती आरएनए. प्रतीवर बारीक खुणा असतात, आम्ही शिवणारे कापडावर खडूनं करतो तशा. खूण भलतीकडे पडली की हाडाची पेशी वेड्यासारखी वाढत सुटते. ती म्हणाली, "शिकवणीच काढा आता!" अशी फुगले म्हणून सांगू!

बरं, तुझी पँट मिळाली. चिठ्ठीही. "जाड झालेय, डाव्या गुडघ्यात सैल कर."

ठकू, माणूस जाड होतं ते आधी कमरेत. या पँटच्या कमरेला तर तू आतून टाके घालून ती आवळलीयस, तेही धड नाहीत. म्हणजे तू वाळलीस. आणि सैल करायचा तो फक्त डावा गुडघा? फोनवर म्हणालीस, जिन्यावरून पडले. गेल्या आठवड्यात सायकलवरून पडली होतीस. अगं, थापा मारताना निदान एकच धरून ठेवावी!

एक गोष्ट तुझ्या आईलाही सांगितलेली नाही. माझा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा होता. त्याच्या विजारीचा एकच गुडघा मी तीनदा सैल केला. टेप दर वेळी जास्त दाखवायची. मी आपली खूश, "पोरगं भरतंय!" शिवण कशी बेमालूम बसली, ते सगळ्यांना दाखवत फिरले. चौथ्यांदा सैल करायला तो राहिला नाही. हाडाचाच कॅन्सर होता.

तू दिवसभर दुसऱ्यांच्या हाडाचे तुकडे काचेखाली बघतेस. स्वतःचा गुडघा दाखवलास कुणाला? का तुला कळलंय, म्हणूनच दाखवत नाहीस?

पँट परत पाठवतेय. इस्त्री केलीय, गुडघा उसवलेला नाही. आधी डॉक्टरांचा कागद, मग माझी कात्री. काही नसलं तर खुशाल म्हातारीला हस, नवी शिवून देईन. काही असलं तर मी येते, मशीन बंद ठेवून.

या खेपेला टेपेचं ऐकणारी,
तुझी आजी