आपल्या बहिणीचं पळणं आणि माझी पोटरी

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग, म्हणजे डावा पाय, अजून पुरता वाकत नाही, तेव्हा उरलेल्या सातांचा गोड मानून घ्यावा.) आपली तब्येत कशी आहे आणि वहिनींचा खोकला थांबला का, ते सवडीने कळवावं.

या वयात हिचं पळणं बरं नव्हे, नवरा म्हणून तुम्ही तिला आवरा, असं आपण मागच्या पत्रात लिहिलंत. आपला शब्द मी कधी मोडला नाही. आवरायला गेलो, आणि काय झालं ते सांगायला हे पत्र.

माझी सगळी नोकरी हॉस्पिटलच्या एक्स-रे खोलीत गेली हे आपण जाणताच. लोकांना आयुष्यभर मी एकच गोष्ट सांगत आलो, ती म्हणजे हलू नका. पळणारी माणसं माझ्याकडे यायची ती कुठेतरी मोडल्यावरच (धडधाकट माणूस एक्स-रे काढायला कशाला येईल?), त्यामुळे पळणं म्हणजे मोडणं हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यातून आपल्या आईंच्या खुब्याचा फोटो काढायची वेळही माझ्यावरच आली होती. त्या टेबलावरून आई पुन्हा आपल्या पायांनी उतरल्या नाहीत. म्हणून ही एक दिवस डॉक्टरांकडून छाती तपासून आणि येताना बूट घेऊन आली, तेव्हा मी आईंचं नाव काढलं. ही बुटाच्या नाड्या ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "आई पळताना पडली नाही. खुर्चीतून उठताना पडली."

आता हिचं पळणं कसं असतं ते सांगतो. घरामागच्या बागेत तळ्याभोवती पायवाट आहे. ही दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळते आणि तिसऱ्यापर्यंत चालते. पळते म्हणजे दोन्ही पाय क्षणभर जमीन सोडतात, एवढंच. बाबागाडी ढकलणाऱ्या बायका हिच्या पुढे निघून जातात. पळताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, नाहीतर वेग कमी करायचा, असा हिचा नियम. (वाक्यं बहुतेक माझ्याबद्दल असतात, आणि ती कधीच अपुरी राहत नाहीत.) एक दिवस पळणं, एक दिवस विश्रांती. गुडघा कुरकुरला तर ही अर्ध्या वाटेवरून सरळ परत फिरते, आणि तसं परत येताना चेहऱ्यावर जराही ओशाळेपण नसतं. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करते, दात घासताना एका पायावर उभी राहते. पहिल्या दिवशी मला वाटलं, दुसऱ्या पायाखाली पाल आहे.

एवढ्या हळू पळण्याला पळणं म्हणायचं तरी कसं, असं मी एकदा बोलून गेलो. "मग तुम्ही पळून दाखवा," असं ही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी वाचलो असतो. ही नुसती हसली. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरचे जुने कॅनव्हासचे बूट काढले, अंग मोकळं करणं वगैरे कमीपणाचं मानून थेट सुसाट सुटलो, बाबागाड्या मागे टाकल्या, हिला मागे टाकलं, आणि आपला पराक्रम पाहायला मान वळवली तोच पोटरीत कुणीतरी मागून दगड मारल्यासारखं झालं. मागे कुणीच नव्हतं. तासाभरात मी माझ्याच जुन्या खोलीतल्या टेबलावर आडवा होतो, आणि माझ्या जागी आलेल्या बाई मला बजावत होत्या, "काका, हलू नका." हाड शाबूत, स्नायू फाटलेला. त्याच फेरीत मी हट्टाने हिच्याही गुडघ्यांचे फोटो काढायला लावले, म्हणजे आपल्याला पाठवायला पुरावा होईल. उजेडासमोर धरून पाहिले. झीज आहे, वयाला साजेशी. या गुडघ्यांवर बाई जिना जपून चढत असेल, असं मी नुसते फोटो पाहून सांगितलं असतं. इतकी वर्षं मी माणसांच्या आत पाहत आलो, आणि हिच्यात काय आहे ते मला त्यात दिसलं नाही.

दिसलं ते पुढे, बाकावर काठी घेऊन बसलो असताना. पायवाटेवर झाडाचं मूळ वर आलं आहे. हिचा पाय त्यात अडकला. दादा, त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आईंच्या खुब्याचा फोटो जसाच्या तसा आला. मी उठूही शकलो नाही. ही पुढे झुकली, आणि मागचा पाय आपण होऊन पुढे आला, मग दुसरा, हात पसरले, आणि ही उभी. पडलीच नाही. क्षणभर थांबून मुळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून हात हलवला आणि पळू लागली, तशीच, गोगलगाईला लाजवील इतकी हळू. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, पाय फार दुखतो का. मी हो म्हणालो.

तेव्हा हिला आवरणं माझ्याच्याने होणार नाही. क्षमा असावी. वहिनींना नमस्कार.

आपला,
धाकटा मेहुणा

ता.क. खरं काम राहूनच गेलं. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं असं आपण लिहिलं होतं, ते मी हिला वाचून दाखवायला नको होतं. ही येत्या रविवारी आपल्याकडे येते आहे. बुटांसाठी आपल्या पावलाचं माप ताबडतोब कळवावं. डॉक्टरांना छाती दाखवून ठेवावी. विरोध करू नये. उपयोग होत नाही.

आणखी एक, पण हिला कळू देऊ नये. मलाही आता हलकं पळायची परवानगी मिळाली आहे. ही तिकडे असेपर्यंत इथे गुपचूप सराव करून, परत आल्यावर हिच्या बरोबरीने पळावं असा विचार आहे. म्हणून हिला आठवडाभर जास्त ठेवून घ्यावं. काल ही बाजारात गेली असताना गल्लीत जरा पळून पाहिलं, तर समोरचे वकीलसाहेब घाबरून बाहेर आले आणि कुणाला बोलावू का म्हणून विचारू लागले. तेव्हा आठवड्याने भागणार नाही. महिनाभर ठेवून घ्यावं.