पहिल्या पसंतीचं कॉलेज

कोपर, डोंबिवली पश्चिम
१ जुलै

तीर्थरूप नयनताईस,

धाकट्या महेंद्रचा वाकून नमस्कार. भावोजींनाही सांग. त्यांचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून आवाज येतो का? (मागे आलेलो तेव्हा दुसऱ्या मजल्यापासून ऐकू येत होता.) तुझं बीपी काय म्हणतं? गोळी वेळेवर घे. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे गेला दीड महिना या घरात कुणाचंच जेवण अंगी लागलेलं नाही. फोन केला असता, पण माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू सल्ला देतेस आणि मग मला काय सांगायचं होतं तेच मी विसरतो. म्हणून लिहितोय, उद्याच कुणाच्या तरी हाती पाठवतो. बसून वाच, उभ्याने नको.

कल्पिताला दहावीला त्र्याण्णव टक्के पडले आणि तिला डॉक्टर व्हायचंय, हे तुला माहीत आहेच. आपल्या घराण्यात आजवर सायन्सला कुणी गेलेलं नाही. आजोबा मिठागरावर, बाबा शेतावर आणि मी बारावी कॉमर्स, तीही दोनदा. (तिसऱ्यांदा बसू नकोस, असं बाबांनीच हात जोडून सांगितलं.) त्यामुळे या विषयात माझी अक्कल किती ते मला कळतं, पण बाप म्हटला की कॉलेज त्यानेच निवडायचं असतं. कॉलेजं तीन होती. एक आपल्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. दुसरं ठाण्याचं जुनं, टेंभी नाक्यावर तुझ्या घराच्या मागच्या गल्लीतलं. तिसरं कल्याणचं, 'इंटिग्रेटेड'. हे काय असतं ते मला चार जणांनी समजावलं. नाव कॉलेजचं, शिकवणार क्लास. पोरं सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्लासात आणि कॉलेजात जातात ती फक्त परीक्षेच्या दिवशी, तीसुद्धा पत्ता विचारत.

आधी आम्ही नवराबायको आणि कल्पिता, तिघं कल्याणला गेलो. तिथे भिंतीवर वरपासून खालपर्यंत डॉक्टरकीला लागलेल्या पोरांचे फोटो. एकही पोर हसत नव्हतं. आत एक सर बसलेले, वयाने माझ्यापेक्षा लहान, पण त्यांना बघून मी आपोआप उभा राहिलो. त्यांनी कल्पिताला काही विचारलं नाही, सगळं मलाच विचारलं. घरात टीव्ही आहे? आहे. बंद करा. पाहुणे येतात? येतात. बंद करा. लग्नकार्य? मी म्हटलं, सर, आम्ही आगरी माणसं, मे महिन्यात आमच्याकडे दिवसाआड हळद असते. ते म्हणाले, "दोन वर्षं हळद नाही." चुलत्यांच्या प्रितमची हळद डिसेंबरात आहे हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मग मुलांवर काय ताण असतो ते पालकांना कळावं म्हणून त्यांनी आम्हाला दहा प्रश्नांचा पेपर दिला. दर्शनाने सरळ सांगितलं, चष्मा आणला नाही. (पर्समध्ये होता.) मी आपला बसलो सोडवत. एक बरोबर, नऊ चूक. बरोबरचे चार मिळतात आणि चुकलं की एक कापतात, म्हणजे मला उणे पाच. ताई, आपल्या शाळेतल्या मास्तरांनी मला काय काय दिलं, पण शून्याच्या खाली कधी नेलं नव्हतं. येताना रिक्षात कल्पिता म्हणाली, "पप्पा, येत नसेल तो प्रश्न सोडायचा असतो. सगळे कशाला सोडवलेत?" मी म्हटलं, कोरं ठेवलेलं बरं दिसत नाही. दर्शनाचं मात्र कल्याण पक्कं झालं. एवढं रागावतात म्हणजे शिकवत चांगलंच असणार, असं तिचं म्हणणं.

ठाण्याला मी आणि कल्पिता दोघंच गेलो. ती म्हणाली ट्रेनने जाऊ, पटकन पोचू. मी म्हटलं, डॉक्टर होणाऱ्या पोरीला मी गाडीतून नेणार. शीळफाट्याला दोन तास अडकलो. तेवढ्या वेळात मी तिला ठाण्याचे तोटे सांगून घेतले आणि तिने बाहेरचे कंटेनर मोजून घेतले. पोचलो तर ऑफिस जेवायला बंद. शिपाई म्हणाला, तीनला या. मी बाकावर टेकलो, जरा डोळा लागला आणि बघतो तर पोरगी शेजारी नाही. दोन मजले धावत शोधलं. (माझं वजन तुला माहीत आहे.) शेवटी सापडली जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. मायक्रोस्कोपला डोळा लावून उभी. कांद्याचा पापुद्रा बघत होती म्हणे! आपल्या घरात रोज किलोभर कांदा चिरला जातो, तेव्हा ही कधी तिकडे फिरकलेली नाही. शेजारी पांढरा कोट घातलेल्या एक बाई होत्या. मी तोंड उघडणार तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग मी दारातच उभा राहिलो. पाव तास तिला बाप आलाय हे कळलंही नाही. खरं सांगतो ताई, मला तेव्हाच कळलेलं. पण घर सोडून एवढ्या लांब पाठवायला मन होईना, म्हणून मी घरी येऊन कुणाला काही बोललो नाही.

आता फॉर्म. तो ऑनलाइन असतो. दहा कॉलेजं पसंतीने ओळीत लावायची आणि पहिल्या नंबरचं लागलं तर तेच घ्यावं लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. हा नियम वाचल्यापासून मला जेवण गोड लागेना. पासवर्ड विसरायला नको म्हणून दर्शनाने तो फ्रिजवर चिकटवला, तिथेच घोळ झाला. शेवटच्या दिवशी सकाळी मी पहिल्या नंबरला घराजवळचं कॉलेज टाकलं. दुपारी बघतो तर कल्याण. दर्शना म्हणाली, साइट हँग होत असेल. मी परत बदललं. चारला पुन्हा कल्याण. म्हटलं, जाऊ दे, आई आहे तिची, तिलाच जास्त कळत असेल. तर पाचला घराजवळचं आलं! मला वाटलं, सरकारच आपल्या मनाने बदलतंय. मागून कळलं, ते आपल्या आईचं काम. तिला वाचता येत नाही, पण तिने शेजारच्या सुमेधाला बोलावून करून घेतलं. वर मलाच म्हणते, "माजी नात डोल्यासमोर पायजे, तुमचा डाक्टर गेला उडत." मी ते तसंच ठेवलं. सहाला फॉर्म बंद झाला आणि मी देवापुढे दिवा लावला.

काल यादी लागली. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं. ठाणे!

मी दर्शनाकडे बघितलं, दर्शनाने आईकडे, आईने देवाकडे. कल्पिता भात कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "मी केलं. सहाला पाच कमी होते तेव्हा. फॉर्म माझाच होता ना?" ताई, मी ओरडायला उठलो आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो. दीड महिना आम्ही तिच्यासाठी तीन कॉलेजं बघितली, चाळीस माणसांना विचारलं, आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं. आत येऊन तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, कांदा दिसतो कसा त्याच्यातून? "विटांच्या भिंतीसारखा, पप्पा. आणि प्रत्येक विटेत एक ठिपका," ती म्हणाली आणि मग अर्धा तास सांगत राहिली. मला निम्मं कळलं नाही. आई मात्र शेवटपर्यंत मान डोलवत होती.

असो. परवा ॲडमिशन घ्यायला ठाण्याला येतोय. येताना तुला जिताडा मासा आणीन. तब्येतीला जप.

तुझा,
महेंद्र

ता. क. : जे लिहायला बसलो तेच राहिलं. कल्पिता सोमवार ते शुक्रवार तुझ्याकडे राहिली तर चालेल का? तिचा काही त्रास नाही, फक्त अभ्यास करताना मोठ्याने बोलते. भावोजींना विचार. घाई नाही, पण परवाच्या आत कळव.

दुसरा ता. क. : शुद्धलेखन बघायला पत्र कल्पिताकडे दिलेलं. ती म्हणते, ठाण्याहून आलो त्याच संध्याकाळी तिने तुला विचारलं, तू हो म्हणालीस आणि कपाटाचे दोन खणही रिकामे केलेस. म्हणजे आम्ही इथे कॉलेजं खालीवर करत होतो तेव्हा तुला सगळं माहीत होतं? आणि रविवारी मला खुशाल विचारतेस, "काय मग, काय ठरलं?" बरं, वरचं सगळं वाचलं नाहीस तरी चालेल.

तिसरा ता. क. (हा कल्पिताला दाखवलेला नाही) : सुरुवातीचे आठ दिवस तिच्याबरोबर मीही येऊन राहिलो तर जमेल का? हॉलमध्ये खाली झोपेन. सकाळी तिला गेटपर्यंत सोडीन. आत जाणार नाही.