सतरा दिवसांचे उपमुख्यमंत्री

२ जून

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझे गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत उघड्या राहिलेल्या रंगाच्या डब्यासारखी आहे. वरून सुकलेली, आतून ठीक.

बातमी अशी की तुझ्या जुन्या ऑफिसात मला काम मिळालंय. उपमुख्यमंत्र्यांच्या दालनाबाहेर आजवरच्या सगळ्यांच्या नावांचा लाकडी फळा आहे, तो नव्याने रंगवायचाय. महिनाअखेरीस पदाला पन्नास वर्षं होतायत, त्याचा कार्यक्रम आहे. कक्ष अधिकारी मॅडमनी अकरा नावांची यादी दिली आणि एकही वेलांटी इकडची तिकडे नको म्हणून बजावलं.

काल जुना रंग घासून काढत होतो. तिसऱ्या आणि चौथ्या नावांमधे एक ओळ कोरी होती. दुपारी उन्हाची तिरीप आली आणि तिथे अक्षरांचे ठसे दिसले. रंगाखालचं लाकूड उजळ राहतं, ते लपत नाही. कुणीतरी पातं लावून नाव खरवडलंय. मला सुरुवातीचं ‘डॉ.’ तेवढं वाचता आलं, आणि यादीत तर एकही डॉक्टर नाही. मॅडम म्हणाल्या, यादीत नाही म्हणजे तो माणूस नव्हताच.

तू तिथे एकतीस वर्षं टाइपरायटर बडवलास. हा न झालेला माणूस कोण, ते कळव.

लोभ आहे तो रंगाच्या पहिल्या हातातच पक्का बसलाय, दुसरा हात लागू नये.

तुझा,
छोटू (वय वर्षे अठ्ठावन्न)


९ जून

चि. छोटू यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत. फळा लिहिताना बायकोला शेजारी बसव.

त्या पदाचा इतिहास आमचे हेडक्लार्क फार रंगवून सांगत. एका नाराज सहकाऱ्याची समजूत काढायला मुख्यमंत्र्यांनी ते पद काढलं, पण खोली कुठून आणणार? पहिले उपमुख्यमंत्री साहेबांच्या दाराबाहेरच्या सोफ्यावर बसत, आणि येणारे-जाणारे त्यांनाच विचारत की साहेब आत आहेत का. दुसऱ्यांना खोली मिळाली, फोन मिळाला नाही. तिसऱ्यांना फोन मिळाला, पण तो वाजत नसे. पुढे एकदा दोघे एकदमच उपमुख्यमंत्री झाले आणि आधी नाव कुणाचं यावर चार महिने खल चालला. मग सहा वर्षं ती खुर्ची रिकामीच होती. खोलीत मोडके पंखे ठेवले होते.

तुझे डॉक्टर चौथे. बेचाळीस वर्षं झाली. ते गुरांचे डॉक्टर, पहिल्यांदाच निवडून आलेले. सरकारातल्या दोन गटांचं कुणाच्याच नावावर जमेना, पण दोन्हीकडच्या गायी-म्हशी ह्याच माणसाने वाचवलेल्या. म्हणून सगळे त्यांच्यावर राजी झाले. सतराव्या दिवशी सरकार पडलं. नंतरच्यांनी नियम काढला की ज्याचा महिना भरला नाही त्याचं नाव फळ्यावर नको.

त्या सतरा दिवसांतलं एक काम मात्र मी विसरणार नाही. आम्ही चौदा जणी टायपिंगला होतो, आणि बायकांचं स्वच्छतागृह रस्त्यापलीकडच्या इमारतीत. लाजेपायी आम्ही दिवसभर पाणीच पीत नसू. डॉक्टरांनी मला विचारलं की सगळ्या मुलींचे ओठ असे कोरडे का. मी खाली मान घालून खरं ते सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे मजकूर सांगितला, मी टाइप केला, त्यांनी सही ठोकली. तळमजल्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह, ताबडतोब. जनावर असो की माणूस, आधी पाणी आणि मग औषध, असं म्हणाले होते.

आणि ऐक. ते इथेच राहतात, माझ्यापासून चार गल्ल्यांवर. त्र्याऐंशीचे आहेत, अजून शेळ्या तपासतात.

तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे. चुका कमी केल्यास वाढेल.

ताई


१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (ह्या खेपेला बायकोने तपासून दिलंय.)

तुझं पत्र मॅडमना वाचून दाखवलं. त्या हसल्या, पण म्हणाल्या की आठवणींवर फळा रंगवता येत नाही, कागद आणा. दप्तरखान्यात दोन दिवस धूळ खाल्ली. नेमका तोच महिना गायब. मी हात टेकले होते. तेव्हा तुझी भावजय म्हणाली की सरकार माणसं विसरेल, पण नळ विसरणार नाही. पाइप कुठून नेलाय हे कुणाला तरी रोज लागतंच.

तिचं ऐकून इमारत दुरुस्तीच्या खोलीत गेलो. तिथल्या प्लंबरने स्वच्छतागृहाची फाईल अर्ध्या तासात काढून दिली. पहिलंच पान तो हुकूम. सही, तारीख, खाली ‘उपमुख्यमंत्री’. आणि कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं. ताई, ती तुझी आहेत. मी किती वेळ त्या पानावर हात ठेवून उभा होतो, प्लंबरलाच विचार.

मॅडमनी पान दोनदा वाचलं. मग म्हणाल्या की नऊ वर्षं त्या स्वतः तिथेच जातायत, कुणी बांधलं हा विचार कधी मनात आला नाही. फाईल घेऊन त्या स्वतः सचिवांकडे गेल्या आहेत. अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही. बाकीची अकरा नावं लिहून झाली, मधली ओळ मी कोरी सोडलीय. फळा पुढचा दात पडल्यासारखा दिसतोय.

डॉक्टरांच्या कानावर घाल.

माया पातळ करू नकोस.

छोटू


२१ जून

चि. छोटू यास आशीर्वाद.

काल गेले होते. डॉक्टर अंगणात एका शेळीचे खूर कापत होते. सगळं ऐकून घेतलं आणि नको म्हणाले. सतरा दिवसांत काय दिवे लावले म्हणून नाव लिहायचं, असं त्यांचं म्हणणं. मी पुष्कळ समजावलं. शेवटी खरं कारण बाहेर आलं. त्या दिवसांत काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, माहेरी होत्या, वडिलांच्या आजारपणात. त्यांनी ना शपथ पाहिली, ना ती खोली. परत आल्या तेव्हा हे पुन्हा गोठ्यात. तेव्हापासून घरात त्यांची थट्टा चालते. भाजी उरली की काकू म्हणणार, उपमुख्यमंत्र्यांना वाढा. पोरंसोरं हसतात, हेही हसतात. पण त्यांनी मला हळूच सांगितलं की आताशा त्यांना स्वतःलाच वाटतं, ते झालंच नव्हतं.

एवढ्यात काकू दारात आल्या. सगळं ऐकलं असावं. माझ्याकडे बघून म्हणाल्या की तुझ्या भावाला सांग, लिही म्हणावं. मी येऊन बघेन आणि मग काय ते ठरवेन.

तेव्हा आता माघार नाही. गुडघे बरे आहेत, तुझं पत्र आल्यापासून जिनाही चढते.

ताई


३० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं. परवा दुपारी दोनला मंजुरी आली. सचिवांनी शेरा मारलाय की ज्याने शपथ घेतली तो त्या पदावर होता, दिवस मोजणं हे फळ्याचं काम नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रम. मी खडूचा दोरा ताणून शिरोरेषा आखली, आणि ठशांवरच नवी अक्षरं बसवली. जुन्या पेंटरचा हात इतका सरळ होता की मला काही सुधारावं लागलं नाही. मॅडमनी स्वतः शिडी धरली. अक्षरांवरचा सोनेरी वर्ख मी दोनदा दाबून बसवला, पण कुणाला सांगू नकोस.

कार्यक्रमात तुम्हा तिघांच्या खुर्च्या मात्र रिकाम्या राहिल्या. काय झालं? लगेच कळव. वाट बघतोय.

छोटू


१२ जुलै

चि. पेंटर यांस,
म्हाताऱ्या गुरांच्या डॉक्टरचे आशीर्वाद.

पत्र मीच लिहितो असं तुझ्या ताईला सांगून ठेवलं होतं. कार्यक्रमाच्या पहाटे एका म्हशीचं रेडकू अडलं. गाडीची वेळ टळली, तुझी ताई माझ्यावर दोन दिवस फुगून होती. म्हैस आणि रेडी दोघी सुखरूप आहेत.

काल सौ.ला घेऊन बसने आलो. तू दुसऱ्या कामावर होतास म्हणे. तुझ्या मॅडमनी आम्हाला वर नेलं, आणि भलं केलं, फळ्यापाशी आम्हाला दोघांनाच सोडलं. सौ.ने चष्मा पुसला. पहिल्या नावापासून वाचत आली. माझ्या नावाशी थांबली, बोट लावून एक एक अक्षर वाचलं, तारखा वाचल्या. मग बोटांवर दिवस मोजले. सतरा भरले तेव्हा हात खाली घेतला. पदर सावरून जिन्याकडे वळली. काय ठरलं ते विचारायची माझी छाती झाली नाही. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो, शपथ घेतानासुद्धा नाही.

परतीच्या बसमधे आम्ही चढलो. लग्नाला सत्तावन्न वर्षं झाली, आणि कुठल्याही बसमधे खिडकीची जागा तिची. कालही ती आधी जाऊन खिडकीशी बसली. मी शेजारी टेकणार, तेवढ्यात उठली, बाजूला सरकली आणि म्हणाली की तुम्ही बसा तिथे.

मी घरापर्यंत खिडकीतून बाहेर बघत आलो. बाहेर काय होतं ते विचारशील तर सांगता येणार नाही.

ताईच्या घरी येशील तेव्हा चार गल्ल्या पुढे ये. आमच्या लोभाला महिना भरण्याची अट नाही.

तुझा,
डॉक्टर